रिठदची सही

ट्रस्ट आणि संपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचा शेवटचा भाग परीक्षेचा नव्हता. एका खऱ्या कुटुंबाची मालमत्ता पुढच्या पिढीकडे कशी जावी याचा आराखडा करायचा आणि कुटुंबप्रमुखाची सही घेऊन सोमवारपर्यंत पाठवायचा. अभ्यासाच्या पुस्तकातली कुटुंबं चहा पीत मृत्युपत्राबद्दल बोलत. वाशिमला आमच्या बँकेतल्या तीन ग्राहकांना मी विचारलं, तिघांनीही विषय बदलला. दुसऱ्यांदा विचारणं मला जमत नाही.

म्हणून रविवारी रिठदला गेले, मोठेबाबांकडे. माझ्या बाबांचे थोरले भाऊ. बाबा गेल्यापासून मी तिथे क्वचितच गेले होते.

"मृत्युपत्र?" मोठेबाबा म्हणाले. "मी अजून जिता हावो ना वं? तुले कायची घाई झाली?"

मोठीआई चहा गाळता गाळता हसली. मी गोंधळले की मराठी शब्द सापडत नाहीत. इंग्रजीतच काहीतरी पुटपुटले.

"मराठीत सांग. शाळा इंग्रजी होती, बाप तं आमचाच होता."

तासभर समजावलं. मग ते अचानक मऊ झाले. "करतो सही. पन एक सही तुले बी करा लागते."

कपाटातून त्यांनी हक्कसोडपत्र काढलं. बाबांच्या वाट्याची जमीन आई आणि मी त्यांच्या नावे सोडतो, असा मजकूर. आईची सही झालेली होती. घरी तिनं एक शब्द काढला नव्हता.

"आपल्यात पोरी वावरात वाटा घेत नाईत. तुह्या आत्यानं बी सोडला. माहेर राह्यलंच ना तिचं?"

मोठीआईनं माझ्या मांडीवर साडी ठेवली, किमतीच्या चिठ्ठीसकट. "हिरवी घेतली. तुले खुलते."

वारसांच्या हक्कांवरच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त गुण होते. तरी मोठेबाबांनी पुढे केलेल्या पेनाकडे माझा हात गेलाच. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

"आधी वाचते," मी म्हणाले.

"त्यात वाचाचं काय? तुह्या मायनं वाचलं का?"

कायद्याचं मराठी मला शब्द लावत लावत वाचावं लागतं. एसटीची वेळ झाली तेव्हा मी पहिल्याच पानावर होते. मोबाइलवर फोटो काढून घेतले आणि उठले. साडी खुर्चीवर ठेवली. मोठेबाबांनी माझा आराखड्याचा फॉर्म घडी घालून परत दिला. सहीची जागा कोरीच.

प्रमाणपत्र पुढच्या सत्रावर गेलं. घरी आईसमोर मोबाइल धरला, तर तिनं स्क्रीनकडे पाहिलंही नाही.

"तेवढी सही करून टाकली असती," ती म्हणाली, "तं तुह्यं सर्टिफिकेट तं आलं असतं."