दारावरची सिस्टर एदुविहेस

सिस्टर एदुविहेसला ना स्वयंपाक जमत असे, ना गाणं. म्हणून मठात आली त्याच वर्षी तिला दारावर बसवलं, आणि ती तिथेच म्हातारी झाली. बाहेरून कोणी ‘नमो मरिये निष्कलंके!’ म्हटलं, की आतून तिने ‘पापाविना संभवलेली!’ म्हणायचं आणि कडी काढायची, मग भुकेला असो की अडलेली बाळंतीण. ही बाई झोपेतसुद्धा उत्तर देईल, असं सान ग्रेगोरिओ गावात म्हणत. देतही असे. दुपारी खुर्चीत घोरत असली की टवाळ लोक मुद्दाम हाक घालून गंमत बघत.

मग डोंगरात लष्कर आलं आणि गावाचं हसणं आटलं. गरिबांना बायबल शिकवणारे लष्कराला बंडखोर वाटत; ते एकेक करून नाहीसे व्हायला लागले. कॉफीच्या मळ्यात धर्मशिक्षण देणारी अन्सेल्मा मठात लपली. बिशपांच्या हुकमाने सगळ्या सिस्टर राजधानीला निघाल्या, पण एदुविहेस बसमध्ये चढलीच नाही. मठ रिकामा झाला, असंच गावाने धरलं.

चूल बंद. मक्याच्या शिळ्या पोळ्या, अनवाणी चालणं. शनिवारी अन्सेल्माचा मामा खेचर घेऊन येणार होता, सीमेपलीकडे न्यायला.

“सिस्टर, तुम्ही तरी जायचं होतं.”

“आणि दार कोण बघणार? तू? तुला धड कडी लावता येत नाही.”

गुरुवारी भर दुपारी जीप थांबली. दारावर बुटांच्या लाथा बसल्या, शिव्या झाल्या. दोघी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एदुविहेसने डोक्यावरच्या वस्त्राच्या टोकाचा बोळा तोंडात कोंबला होता. हळूहळू सगळं शांत झालं. गेले वाटतं, म्हणून तिने बोळा काढला.

तेवढ्यात बाहेरून मऊ आवाज आला, “नमो मरिये निष्कलंके!”

“पापाविना संभवलेली!”

शब्द निघून गेल्यावरच ते तिला ऐकू आले. अन्सेल्मा पांढरीफटक पडली.

“परसातल्या भिंतीवरून उडी टाक. ओढ्यातून जा. पळ!”

“आणि तुम्ही?”

“उत्तर मी दिलंय ना? मग दारही मीच उघडणार. जा म्हणते ना!”

कडी काढायला तिने हवा तेवढा वेळ लावला. बाहेर निकासियो उभा होता, गावचाच, आता अंगावर गणवेश. याच दारात त्याने किती वाडगे सूप प्यायलं होतं! त्याच्यामागे साहेब होता.

“तुम्ही उत्तर देणार हे मला ठाऊक होतं, सिस्टर,” निकासियो खाली बघत म्हणाला. “म्हणून तर मला पाठवलं.”

“आत आणखी कोण आहे?” साहेबाने विचारलं.

“कोणी नाही.”

“ही खोटं बोलत नाही, साहेब,” निकासियो म्हणाला. “सगळ्या गावाला विचारा.”

मागच्या अंगाला कौल पडून फुटलं. साहेबाची मान वळली.

“मांजर,” एदुविहेस म्हणाली. “मेलं ऐकतच नाही.”

साहेबाने दोघांकडे पाहिलं, आणि मग तिला जीपकडे ढकललं.

जीप डोंगराच्या रस्त्याला लागली. बराच वेळ ती ओठ हलवत बसली होती. शेवटी तिने निकासियोच्या बाहीला हात लावला. “बाबा, माझ्याकडून दोनदा खोटं बोलणं झालं रे. पापनिवेदन करायला हवं. तिकडे कोणी फादर असतील का?”

निकासियोने बाही सोडवून घेतली.

“तिथे फादर नसतात, सिस्टर,” तो म्हणाला.