बाबांच्या फोनचा स्पीकर

आमच्या बाबांनी फोन कधी कानाला लावला नाही. बटनवाला होता तेव्हा लावत असतील, मला आठवत नाही. टच फोन आला आणि त्यांनी तो बशीसारखा तळहातावर धरून तोंडासमोर आणला, तो आणलाच. फोन वाजला की आधी स्पीकर, मग हॅलो, आणि आवाज पार शेवटपर्यंत वाढवलेला. आम्ही अकोटचे. बाबा एसटीत कंडक्टर होते, नोकरीभर भरलेल्या गाडीत ओरडून तिकिटं फाडली. हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं.

"बाबा, स्पीकर बंद करत जा ना," मी म्हणायची.

"मले नाही येत व त्याचं बटन."

शिकवलं तरी पुढच्या फोनला पुन्हा तेच. शेवटी मी नाद सोडला.

त्यामुळे आमच्या घरात कोणाचं काही झाकून राहिलं नाही. आत्याचे गुडघे, मामाच्या पोराचा निकाल, सगळं आमच्यासोबत भिंतीपलीकडच्या काकूंनाही पाठ. काकू तर भिंतीपलीकडूनच उत्तर द्यायच्या. "अवं, गरम पाण्यानं शेका म्हणा त्यायले!" तिकडून आत्या विचारायची, "हे कोण बोलून राह्यलं मधातच?" मी अमरावतीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती. एकदा रूमवरून बाबांना सांगितलं, पोट बिघडलंय, जुलाब होऊन राहिले. सुटीत घरी गेली तर काकूंनी फाटकातच विचारलं, "थांबले का व?" अशी लाज वाटली, काय सांगू बाप्पा!

मग सोयरीक आली. मुलगा अकोल्याचा, जठारपेठेत त्यांचं घर आणि खाली हार्डवेअरचं दुकान. मुलाला वडील नव्हते, कारभार मोठ्या काकांच्या हाती. पाहायला आले तेव्हा काका एकटेच बोलत होते. मुलगा पोह्यातले शेंगदाणे निवडत बसला होता, आम्हाला एकमेकांशी बोलू कोणी दिलंच नाही. माझी अट एकच होती: लग्न करीन, नोकरी सोडणार नाही. सकाळी लॅबमध्ये जाऊन मायक्रोस्कोपसमोर बसणं मला आवडायचं, मनापासून आवडायचं. बाबांना आधीच बजावून ठेवलं होतं, हे तुम्ही पाहुण्यांना सांगा. बाबा "हो हो" म्हणाले आणि पाहुणे जाईपर्यंत त्या विषयावर तोंड उघडलं नाही. त्या दिवशी मी त्यांच्याशी अशी भांडली की आईला मध्ये पडावं लागलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. बाबा अंगणात बाजेवर, मी स्वयंपाकघराच्या दारात कणीक मळत. नेहमीसारखा स्पीकर.

"भाऊ, पोरगी पसंत आहे आमाले. फक्त एक. लग्न झाल्यावर नोकरी सोडली पायजे. आमच्या घरच्या सुना कामाले जात नाहीत. पोराचंही हेच म्हणणं आहे."

बाबांनी घसा खाकरला. तो घसा माझ्या ओळखीचा होता, आता 'हो जी' येणार. पण ते फोनकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. मग माझंच डोकं फिरलं.

"काकाजी," मी दारातूनच ओरडली, "पोराचं म्हणणं पोराच्या तोंडून ऐकू द्या मले!"

भिंतीपलीकडची भांडी थांबली. तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग बाईचा आवाज, "गॅस बारीक कर व." तेव्हा लक्षात आलं, स्पीकर तिकडेही चालू आहे आणि तिकडेही सगळं घर फोनभोवती बसलंय.

मग जरा लांबून कोणीतरी म्हणालं, "मी असं म्हटलंच नाही, काका."

"तू चूप बैस!"

"काहून चूप बसू? मले कोणी विचारलंच कुठं?"

त्यानंतर त्यांच्या घरात जे भांडण झालं ते आम्ही अथपासून ऐकलं. शेजारच्या काकू तर भिंतीवर कोपरं टेकून उभ्या होत्या. मग फोन कटला.

"झालं! मोडली सोयरीक," आई म्हणाली. "आता बस त्या मशीनीले कवटाळून."

मी अमरावतीला परत गेली. दिवस जात होते, फोन काही येत नव्हता. नोकरी शाबूत होती, पण खोटं कशाला बोलू, तो लांबून आलेला आवाज मला आवडला होता. फोन वाजला की हातातलं सोडून धावायची.

मी पुन्हा घरी आलेली असताना त्या मुलाचाच फोन आला, बाबांच्या नंबरवर. "काकाजी, स्पीकर चालू आहे ना? राहू द्या चालू. सगळ्यायनं ऐकलं पायजे. त्यायनं नोकरी सोडू नये. अकोला-अमरावती किती लोकं अपडाऊन करतात, त्या बी करतील. सकाळचा डबा मी भरून देईन." डब्याचं ऐकून काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "होय म्हणा व लवकर!"

लग्न झालं. सुटी संपून कामावर परत रुजू झाल्याच्या पहिल्या संध्याकाळी बडनेरा स्टेशनवर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत उभी होती, तेव्हा बाबांचा फोन आला. आवाज वेगळाच, जवळून आणि हळू. मागे टीव्ही नाही, आई नाही, काकू नाहीत. क्षणभर वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय.

"स्पीकर बंद केला," ते म्हणाले. "घरामागं आलो. एकटाच आहो. आता सांग, खरंच बरं हाय ना तुह्यं? काही असन तं मले सांग."

"बरं आहे बाबा. डबा पण दिला त्यांनी." मग उगाच तणतणली, "म्हणजे बंद करता येतो तुमाले!"

"येते ना. एका बटनाचं काय!"

"मंग त्या दिवशी काहून नाही केला? काका नोकरी सोडा म्हणून राहिले होते तेव्हा?"



"म्या एकट्यानं ऐकलं असतं तं हो म्हणून टाकलं असतं, बाई. मुलीचा बाप पडलो. मले 'नाही' म्हणता येत नाही. तुले येते."