दुसरा भाग

नव्वदच्या दशकात शारजात, रोल्ला भागातल्या व्हिडिओ लायब्ररीत, दर शुक्रवारी तो माझ्या आधी हजर असायचा. साइटवरचा गवंडी, चिपळूणकडचा. नाव मी कधी विचारलं नाही. दर वेळी तोच एक इंग्रजी सिनेमा न्यायचा, दोन गांजेकस मित्रांचा, आणि कॅसेट शर्टाला पुसून मगच पिशवीत टाकायचा. सिनेमा तसा फालतूच. त्यात इथे गांजा ओढायचे सगळे प्रसंग कापलेले, म्हणजे उरले नुसते हसत सुटलेले दोन येडे.

"इंग्रजी कळतं?" मी एकदा विचारलंच.

"नाय ओ. पण मी नि माझा पार्टनर खोलीत असेच हसायचो. कारण कुठं लागायचं?"

पार्टनर सुट्टीवर गावी गेला होता. दुसरा भाग दुकानात आला, तरी यानं हात लावला नाही. "तो आल्यावर बघू, इन्शाल्ला."

मग एका शुक्रवारी त्यानं दुसरा भाग विकतच घेतला.

"आला वाटतं पार्टनर?"

"त्याचा व्हिसा खलास. नाय येत आता. गाववाला एक चाललाय, त्याच्या हाती पाठवतो."

"आणि तुम्ही कधी बघणार?"

"तो बघून फोनवर हसेल ना. मग मी पण हसेन," तो म्हणाला, आणि पहिला भाग पुन्हा भाड्यानं घेऊन गेला.