तायडे सिस्टरांचं स्टूल

"डॉक्टर, आई गेली..." तायडे सिस्टरांच्या मुलीचा अकोल्याहून फोन आला, त्याला महिना झाला. जठारपेठेतल्या त्यांच्या घरी जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, सिस्टर फार सोशिक होत्या. छे! मी तिथं गप्प बसलो, याचा मला अजून राग येतो. बाई सोशिक असत्या, तर माझ्या हातून एक माणूस जायबंदी झाला असता.

राजापेठेतल्या दवाखान्यात सिस्टर जुन्या होत्या, मी नवाच डॉक्टर होतो. दर्यापूरचे एक रिटायर एसटी कंडक्टर आले. सकाळपासून लघवी अडलेली, पोट टम्म, अंगाला दरदरून घाम. मी घाईघाईत बधिर करणारी जेली लावली आणि लगेच नळी सारली. ती अडली, तसा जोर लावला. काका ओरडले. नळी गेली खरी, पण तिला जोडलेल्या पिशवीत लघवीचा थेंब नाही. तरी मी म्हटलं, "सिस्टर, फुगा फुगवा." नळी मूत्राशयातून निसटू नये म्हणून टोकाजवळ पाण्याचा फुगा असतो, तो वाटेतच फुगला तर मूत्रमार्ग फाटतो. हे मला पाठ होतं, बरं का!

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. "लघवी आल्याबिगर मी फुगवनार नाई, सर."

"मी सांगतोय ना?"

"सांगा ना. आयकून राहिली मी. पन फुगवनार नाई."

अख्ख्या वॉर्डासमोर! मी चिडून नळी काढली. टोकाला रक्त होतं...

"आता एकच डाव. नाई जमलं त सर्जनले बोलवा," त्या म्हणाल्या. त्यांनी भरपूर जेली सोडली आणि ती भिनेपर्यंत स्टूल ओढून चक्क गप्पा मारत बसल्या. "काका, दर्यापूरहून गाडी काढा. स्टॉप सांगा." काका कण्हत एकेक गाव घेऊ लागले. खोलापूर गेलं... वलगाव येईतो आवळलेल्या मांड्या सैल पडल्या होत्या. मग वाकड्या टोकाची नळी, टोक वर धरून, अलगद आत. पिशवी भरू लागली. काका हमसून रडले. फुगा त्यानंतर.

परवा दवाखान्याच्या मॅनेजरनं ते स्टूल अडचण म्हणून हलवायला काढलं. लघवी अडलेला एक पेशंट आला होता; मी त्याला जेली लावून त्या स्टुलावरच बसलो आणि विचारलं, "काका, गाव कोणतं?"

"अजून किती वेळ, सर?" मॅनेजर दारातून म्हणाला.

"पाच मिनिटं. आणि स्टूल इथून हलणार नाही."