बिननावाचा सिलिंडर

वर्दी उतरवली, तरी एक प्रकरण काही केल्या डोक्यातून उतरत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरचे अपघात तर मोजलेच नाहीत. पण कडोलीच्या पुढच्या एका गावात, एका विहिरीच्या काठावर मला जो हादरा बसला, तसा दुसरा कुठं बसला नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

मी तेव्हा बेळगावच्या ग्रामीण भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, रात्रपाळीचे लोक घरी निघाले होते. फोन आला की विहिरीत माणूस बुडाला. नाव ऐकलं आणि मी हातातला चहा टेबलावर सांडला. म्हटलं, काय बोलतोस काय! तो माणूस बुडेलच कसा?

कारण तो पट्टीचा पाणबुड्या होता. आमच्या भागात विहिरीत मोटर पडली, पाइप गाळात अडकला, की निपाणीपासून खानापूरपर्यंत त्याला बोलावणं जायचं. नदीत कोणी वाहून गेलं की आम्हीही त्यालाच आणायचो. कमरेला दोरी, हातात एक दगड, छातीभर श्वास, आणि बुडी. दगडाच्या वजनाने तळ गाठायचा, काम करायचं, दगड सोडून वर यायचं. दोरीचं दुसरं टोक कायम त्याच्या धाकट्या भावाच्या हातात. धाकटा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा होता. बुडीचं काम निघालं की थोरल्यासाठी रजा टाकून यायचा.

आम्ही पोचलो तेव्हा प्रेत वर काढलेलं होतं. पाठीवर एक लहानसा पिवळा सिलिंडर पट्ट्याने बांधलेला, त्याला जोडलेली नळी, तोंडात धरायचा रबरी तुकडा. कमरेला लोखंडाचे तुकडे भरलेली पिशवी. असलं काही आमच्या विहिरींवर कोणी पाहिलेलं नव्हतं. पंच बोलावले, महजर केला (पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात), सिलिंडर जप्त करून त्यावर चिठ्ठी लावली. त्याच्यावरच्या हवेच्या मीटरचा काटा बरोबर अर्ध्यावर होता. तेही महजरात लिहून घेतलं.

धाकटा काठावर बसून होता. रडत नव्हता.

दुपारी शेजारच्या मळ्यातला एक शेतकरी ठाण्यात आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "सायेब, माझं नाव कुठं घालू नगा. थोरला पाण्यात हुता आन् धाकटा वर नुसता हुबा. धा मिन्टं! हातातल्या घड्याळात बघत हुता बगा. दोरी वढली न्हाय तेनं."

"भांडणबिंडण होतं का दोघांत?"

"आदल्या दिवशी कडाकडा भांडले की. उद्या मी दोरी धरणार न्हाय, असं म्हणलाय त्यो. मी ह्या कानांनी ऐकलोय."

झालं! माझं डोकंच फिरलं. सख्खा भाऊ आत गुदमरतोय आणि हा वर घड्याळ बघतोय? सिलिंडरमध्ये अर्धी हवा शिल्लक, म्हणजे हवा संपली असंही नाही. जमीन दोघांच्या सामाईक नावावर. मी मनातल्या मनात आरोपपत्र लिहूनही टाकलं. धाकट्याला ताब्यात घेतलं. चोवीस तासांत त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं, आणि खुनाचा आरोप ठेवूनच उभं करायचं, असं मी ठरवलं होतं.

चौकशीत मी त्याला सोडलं नाही. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. माझा स्वभाव तापट, ते ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं.

"दोरी का ओढली नाहीस?"

त्याने नजर जमिनीवर खिळवली.

"घड्याळात काय बघत होतास रे? किती वेळात मरतो ते?"

त्याने मान वर केली आणि म्हणाला, "माझंच चुकलं सायेब. मीच मारलो अण्णाला."

रायटर कन्नडमध्ये जबाब लिहीत होता. त्याने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही. इतकं सरळ प्रकरण बऱ्याच वर्षांत हाती आलं नव्हतं, असंही मला वाटलं. आज लिहितानासुद्धा त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याची बायको ठाण्यात आली. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. मला वाटलं, दिराविरुद्ध तक्रार द्यायला आली असेल. तिने पदराखालून फडक्यात बांधलेली भाकरी काढली.

"कालपासनं खाल्लं न्हाय तेनं. एवढी द्या सायेब."

मी थक्क झालो. "बाई, त्याने तुमच्या नवऱ्याला—"

"काय बी बोलू नगा!" ती माझ्यावर खेकसली. इन्स्पेक्टरवर असं खेकसायची हिंमत आमच्या ठाण्यात कोणाची नव्हती. "ह्यांच्या कानातनं रगत यायला लागलं हुतं. दम पुरंना. तेनं फोनवरनं ते यंत्र मागवलं. ह्ये म्हणत हुते, मला नगं ती डबडी. त्यावरनंच भांडण. यंत्र लावणार नसशील तर उद्या मी दोरी धरणार न्हाय, असं म्हणला त्यो. तेच्या काळजीनं म्हणला, कळतंय का तुमास्नी?"

शेतकरी खोटं बोलला नव्हता. त्याने जे ऐकलं ते सांगितलं होतं. भांडण कशावरून होतं, हे मीच विचारलं नव्हतं.

भाकरी हवालदाराकडे दिली आणि मी थेट मुद्देमालाच्या खोलीत गेलो. पंचांपैकी एकाला बोलावून घेतलं, चिठ्ठी काढली, सिलिंडर टेबलावर ठेवला. काटा अर्ध्यावर. मी वरची किल्ली फिरवली. अर्धा भरलेला सिलिंडर उघडला तर केवढा फुसफुसाट व्हायला हवा! काहीच नाही. गाल जवळ नेला. झुळूकसुद्धा नाही. किल्ली पूर्ण उघडली. सिलिंडर ठणठणीत रिकामा, आणि काटा? काटा अर्ध्यावरच. टिचकी मारली, हलवून पाहिला, आपटला. जागचा हलेना!

काल त्याच काट्यावर भरवसा ठेवून मी एका माणसाला खुनी ठरवलं होतं. आणि त्याच काट्यावर भरवसा ठेवून त्याचा भाऊ पाण्यात उतरला होता.

धाकट्याला बोलावलं. या वेळी खुर्ची दिली. विचारलं, हवा कुठं भरलीस?

"संगट हातपंप आलता. पयल्यांदा त्येनंच भरलो, दोघं मिळून, घाम निघाला. येक मोटर काढली बी, लई ब्येस झालं. मग पंपाचं वायसर गेलं. तवा मी नळी जोडायला कारखान्यात पितळंचा निप्पल टर्न करून घेतलो, आन् पंक्चरच्या दुकानात हवा भरली. काटा अर्ध्यावर हुता. म्हणलं, अर्धा तरी भरला."

मी डोक्याला हात लावला. पहिल्या बुडीत हवा संपत गेली, पण काटा अर्ध्यावरच अडकून बसला होता. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर चाकात हवा भरायचा. असल्या सिलिंडरला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. आत हवा गेली ती चार-सहा श्वासांची.

"आणि घड्याळ?"

"फोनवर लिवलेलं, धा मिन्टं पुरतंय. अर्धा हाय म्हणून पाच मिन्टांनी वढणार हुतो. पण दोरी हलत हुती सायेब. वाटलं, काम चाललंय. थांबलो."

"आधी कसं कळायचं, कधी ओढायचं ते?"

तो म्हणाला, "अण्णा बुडी मारला की मी बी वर नाक दाबून दम धरायचो. मला सोसंना झालं की वढायचो. बारीक हुतो तवापासनं. कदी चुकलं न्हाय. ह्या बारीला यंत्र हुतं न्हवं... मी निवांत श्वास घेत हुबा ऱ्हायलो."

रायटरने वही मिटली. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

पुढचं काम रीतसर झालं. उद्यमबागेतल्या एका अनुभवी कारखानदाराला तज्ज्ञ म्हणून बोलावलं. त्याने मीटर उघडलं आणि शिवीच हासडली. म्हणाला, "साहेब, असला माल मी खेळण्यातसुद्धा घालणार नाही." आतली कमान गंजून चिकटली होती. सिलिंडरवर कुठं शिक्का नाही, चाचणीची खूण नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. खोक्यावर निळ्या समुद्रात पोहणाऱ्या गोऱ्या माणसाचं चित्र, आणि आतलं पत्रक अशा लिपीत की ठाण्यात कोणालाच वाचता येईना. शवविच्छेदनात बुडून मृत्यू, अंगावर मारहाणीची खूण नाही. थोरला आयुष्यभर छाती भरून बुडी मारणारा. त्या दिवशी यंत्र आहे म्हणून श्वास न भरताच गेला, आणि हातात सोडता येणारा दगड नव्हता, कमरेला बांधलेलं लोखंड होतं. दोरी हलत होती, ती तो हलवत होता.

चोवीस तास भरायच्या आत धाकट्याला सोडलं. विकणाऱ्याचा शोध घेतला. दिलेल्या पत्त्यावर असलं दुकान कधी नव्हतंच. इतकी वर्षं मी गुन्हेगाराचं नाव, बापाचं नाव, वय, राहणार, असं लिहीत आलो. इथं लिहायला काहीच नव्हतं, आणि नाव-गाव असलेला जो एकच माणूस समोर दिसला त्यालाच मी गजाआड टाकलं. पोलीस काय किंवा दुसरा कोणी काय, माणूस समोर असलेल्यावरच तुटून पडतो, हे मी तेव्हा शिकलो. ज्या वस्तूवर श्वास चालतो ती वस्तू स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका, हे तर मी भेटेल त्याला सांगतो. लोक मान हलवतात आणि फोन बघत बसतात.

अकस्मात मृत्यूचा अंतिम अहवाल तहसीलदारांकडे गेला, त्याच्या दोन-तीन दिवसांनी धाकटा ठाण्यात आला. उभाच राहिला. "सायेब, येक काम हुतं," म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

तोच सिलिंडर, तेच निळं चित्र. दुकानाचं नाव बदललेलं, पण जुने अभिप्राय तसेच खाली. पाच तारे, आणि त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी: "लई भारी. आमच्या अण्णासाठी घेतलोय. आता काळजी न्हाय." खोकं घरी आलं त्याच दिवशी लिहिलेल्या, पाण्यात उतरायच्या आधी.

"ह्ये पुसता येतंय का बगा. मला येईना झालंय."

आमच्या सायबर विभागाने प्रयत्न केला. अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, उत्तर आलं नाही. त्या ओळींच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा अभिप्राय चौदा जणांना उपयोगी वाटला. त्याने त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"पुसलं न्हाय तर ऱ्हाऊ द्या सायेब. पर ही चौदा माणसं कुठली, त्येवढं हुडकून द्या. मी सोता जाऊन सांगून येतो."

मी हो म्हटलं. निवृत्तीच्या दिवसापर्यंत मला त्यातला एकही माणूस सापडला नाही.