टॉवेल टाकलेली खुर्ची

आर्णीजवळच्या सरकारी दवाखान्यात नेटवर्क दुरुस्त करणारा तो मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहून गेलं. मावशीच्या छातीत कळा येत होत्या. इथे डॉक्टर नव्हता. यवतमाळचे डॉक्टर तिला पडद्यावर बघणार होते, पण नेटवर्क बंद होतं.

सगळ्या तारा जोडणाऱ्या स्विचसमोर तो उकिडवा बसला होता.

"काहून बंद पडलं, भाऊ?"

"स्विचले अन् कॅमेऱ्याले एकच पत्ता देऊन ठेवला ना! मंग चिठ्ठी कोणाच्या घरी जाईन?"

त्यानं स्विचला नवा पत्ता दिला, बोटं शर्टाला पुसली आणि यवतमाळच्या मशीनला पिंग करून, म्हणजे तारेवरून हाक देऊन पाहिलं. लॅपटॉपवर उत्तरं येऊ लागली. प्रत्येक ओळीला तो मान हलवायचा, ओळखीचं कोणी भेटल्यासारखी.

पडदा उजळला. तिकडे पांढरा टॉवेल टाकलेली रिकामी खुर्ची होती. आम्ही हाका मारल्या. कोणी आलं नाही.

"झालं का चालू?" सिस्टरनं दारातून विचारलं.

"तार चालू झाली, सिस्टर. दवाखाना नाही."

त्याचं काम संपलं होतं, तरी तो गेला नाही. मावशीचा श्वास थांबेपर्यंत तो त्या खुर्चीला हाका मारत राहिला.

खुर्चीला अजून कोणी जाब विचारलेला नाही. म्हणून मी हे लिहितो आहे.