पाठ एक ते अठ्ठावीस

नांदेड मुख्यालय आणि लातूर केंद्र यांनी मिळून, सौहार्दाच्या वातावरणात, जर्मन शिकवणारं संकेतस्थळ उभं केलं, असं गोदातीर विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात छापलेलं आहे. मुख्यालय म्हणजे डॉ. अमरनाथ हुडगे आणि लातूर केंद्र म्हणजे लुंबिनी सोनकांबळे. दोन वर्षांत ही दोन माणसं एकमेकांशी चार वेळा बोलली. त्यातला एक फोन चुकून लागला होता.

लुंबिनी मूळची चाकूर तालुक्यातली. वडील ग्यानोबा जिल्हा परिषदेत आरोग्यसेवक. मुलीने डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी लातूरला खोली केली. त्या गल्लीत दर खोलीत एक भावी डॉक्टर राहत होता. लुंबिनीचं डॉक्टर होणं तीन मार्कांनी हुकलं. मग ती पुण्याला जाऊन जर्मन शिकली. तिच्या मराठीला हसणारी वर्गातली मुलं जर्मन बोलताना तिच्याइतकीच अडखळत. ही समानता तिला आवडली असावी. एम.ए. करून ती परतली आणि लातूर केंद्रावर तासिका तत्त्वावर लागली. तासिका तत्त्व म्हणजे दर जूनला नव्याने अर्ज करायचा आणि गेल्या वर्षीही आपण इथेच होतो हे पुराव्यानिशी सिद्ध करायचं. हे तिने सात वर्षं केलं.

वर्गात बसायच्या त्या नर्सिंगच्या मुली. कुणी औशाहून येई, कुणी शिरूर अनंतपाळहून. जर्मनीत परिचारिका हव्यात हे त्यांना कळलं होतं, आणि बाजारातली पुस्तकं त्यांना कॉफी मागवायला शिकवत होती. म्हणून लुंबिनीने स्वतःच पाठ लिहायला घेतले. एका पाठात म्हातारा औषध थुंकून टाकतो, दुसऱ्यात रुग्णाचा मेहुणा खाटेवरून उठत नाही. पाठ जर्मनमध्ये, समजावणं लातूरच्या मराठीत, आवाज तिचा. "इथं जीभ लई वळवायची न्हाई, नुसतं दात मिटून हवा सोडायची," असं ती सांगे, आणि औशाची मुलगी ते करून दाखवे.

नांदेडला हुडगे सर परकीय भाषा विभागाचे प्रभारी प्रमुख होते. विषय इंग्रजी. जर्मनचं सहा महिन्यांचं एक प्रमाणपत्र त्यांच्या केबिनमध्ये काचेत होतं. त्यांनी पद्धत घालून दिली ती अशी: संकेतस्थळाचं प्रत्येक पान आधी कागदावर छापायचं, केंद्राचा शिक्का मारून एस.टी.च्या पार्सलने नांदेडला पाठवायचं, सर लाल शाईने शेरे मारणार, मगच संगणक कक्षातला भागवत ते पान चढवणार. पाठ कोणी लिहिला यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. आवाज छापता येत नाही असं लातूरहून कळवलं, तेव्हा 'आवाज लेखी स्वरूपात सोबत जोडावा' असं उत्तर आलं.

चौथा पाठ परत आला. शेरा: 'रुग्ण हट्टी दाखवल्याने मित्रराष्ट्राच्या भावना दुखावू शकतात.' लुंबिनीने खाली लिहिलं, 'शेरा वाचला. पाठ तोच आहे.' नवव्या पाठात एक परिचारिका रेल्वे स्टेशनचा रस्ता विचारते. शेरा: 'मुख्यालय नांदेड असताना स्टेशन लातूर का?' विभागीय आयुक्तालय नांदेडला असावं की लातूरला यावरून या दोन शहरांचं किती वर्षं भांडण आहे ते सगळ्यांना माहीत आहे. लुंबिनीने स्टेशन परभणी जिल्ह्यातलं पूर्णा केलं. त्यावर शेरा आला नाही.

असे अठ्ठावीस पाठ झाले. उद्घाटनाच्या दिवशी लुंबिनीने केंद्रावरच्या संगणकावर संकेतस्थळ उघडलं. 'संकल्पना, लेखन व निर्मिती: डॉ. अमरनाथ हुडगे.' त्याखाली बारीक अक्षरात 'विशेष सहकार्य: लातूर केंद्र.' तिचं नाव कुठेच नव्हतं.

हे तिला परवडणारं नव्हतं. विद्यापीठात जर्मनची एक कायम जागा निघणार होती, आणि अशा जागेला स्वतः तयार केलेल्या ई-साहित्याचा पुरावा लागतो. आधी एका महाविद्यालयातली अशीच जागा असा पुराव्याचा कागद नव्हता म्हणून तिच्या हातून गेली होती. तिने नांदेडला फोन लावला.

"मॅडम, हे टीमवर्क आहे," सर म्हणाले. "टीमवर्कमध्ये कुणाचं नाव नसतं."

"तुमचं हाय की, सर."

"ते खुर्चीचं आहे."

"मग आवाज बी खुर्चीचाच लावा."

"लातूर केंद्र लिहिलंय ना? तुम्ही केंद्रात नाही का?"

"जूनपर्यंत हाय."

आठवड्याने नांदेडहून एक पानी ना-हरकत पत्र आलं. सदर पाठ विद्यापीठाचे असून त्यांवर माझा कोणताही हक्क नाही, खाली सहीची जागा. पुढच्या वर्षीच्या तासिका या पत्रानंतर विचारात घेतल्या जातील, असंही तोंडी कळवण्यात आलं. ग्यानोबांनी नोकरीभर सांगतील तिथे सह्या केल्या होत्या. ते म्हणाले, सही करून टाक माय, सहीनं कुणी मेलं न्हाई. लुंबिनीने सहीच्या जागेवर 'हरकत आहे' लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली आणि पत्र पार्सलने परत पाठवलं.

जूनमध्ये तिला तासिका मिळाल्या नाहीत. सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी भागवतला बोलावून पाठ बंद करायला सांगितले आणि संकेतस्थळावर लावायची सूचना सांगायला सुरुवात केली. भागवतने सुचवून पाहिलं की नेहमीसारखं 'तांत्रिक कारणास्तव' टाकू का.

"नाव टाक," सर म्हणाले. "पोरींना कळू दे कुणामुळं बंद हाय ते."

संकेतस्थळाच्या माथ्यावर लाल अक्षरांची पट्टी सरकू लागली: 'श्रीमती लुंबिनी सोनकांबळे यांनी, स्वतः लिहिलेल्या व स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या पाठ क्र. १ ते २८ बाबत हरकत घेतल्याने, सदर पाठ बंद ठेवण्यात येत आहेत. विद्यार्थिनींच्या नुकसानीस त्या सर्वस्वी जबाबदार राहतील.' मूळ कागदावर जावक क्रमांक, विभागाचा शिक्का, सरांची सही. मजकुरात कुठे पळवाट राहू नये म्हणून त्यांनी तो दोनदा वाचला होता.

पोरींना कळलं. औशाच्या पुनमची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तिचा फोन आला. "मॅडम, आमचे पाठ तुम्ही बंद केले म्हणं?" लुंबिनीने खरं ते सांगितलं, आणि आवाजाच्या फाइली फोनवर पाठवते म्हणाली. पुनमने त्या मागवल्या नाहीत. ती व्हॉट्सॲपच्या गटातून बाहेर पडली, मागोमाग आणखी चौघी. लुंबिनीने उरलेल्यांना फाइली पाठवल्या. मग ती नांदेडला गेली आणि आवक-जावकच्या खिडकीवर त्या सूचनेची प्रमाणित प्रत मागितली. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, बदनामी माझी हाय, एक प्रत तरी द्या. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारून दिली.

ऑगस्टमध्ये जागा निघाली. मुलाखतीला टेबलापलीकडे पाच जण होते. मधे पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाई, त्यांच्या उजव्या हाताला विभागप्रमुख या नात्याने हुडगे सर. अर्जासोबतची कागदपत्रं सरांनी पाहिली नव्हती. उमेदवार माहितीचा आहे म्हटल्यावर ती पाहायची गरज वाटली नसावी.

"ई-साहित्य म्हणून तुम्ही अठ्ठावीस पाठ दाखवलेत," त्यांनी विचारलं. "ते तुम्हीच केले कशावरून?"

"अर्जाचं पान अकरा बघा, सर."

पान अकरा तज्ज्ञ बाईंनी काढलं आणि वाचलं. 'स्वतः लिहिलेल्या व स्वतःच्या आवाजात' हे शब्द त्यांनी मोठ्याने वाचले, मग शेवटची ओळ मनात वाचली, आणि कागद उजवीकडे सरकवला.

"डॉक्टरसाहेब, सही तुमचीच?"

सरांनी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "मजकूर भागवतने टाइप केलाय."

ई-साहित्याच्या रकान्यात तज्ज्ञ बाईंनी पूर्ण गुण लिहिले आणि पुढचा प्रश्न जर्मनमध्ये विचारला. त्या प्रश्नोत्तरात सरांना पंधरा मिनिटं काही काम नव्हतं.

लाल पट्टी त्याच दिवशी उतरली. पाठ मात्र चालू झाले नाहीत. त्यासाठी ती सगळी पानं नव्याने छापून, शिक्का मारून नांदेडला यावी लागतील, आणि लातूर केंद्रावर आता जर्मनचं कुणी नाही. संकेतस्थळावर कुलगुरूंचा संदेश आहे आणि उद्घाटनाची अकरा छायाचित्रं. निवडीचा निकाल लागायचा आहे. यादीवर सही करणाऱ्यांत हुडगे सर आहेत, आणि ती यादी अजून त्यांच्या टेबलावरून पुढे गेलेली नाही.